सीझन संपायच्या आत: गोव्याच्या हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या लैंगिक छळाची तक्रार कशी करायची

पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या आणि बांदा, सावंतवाडी, दोडामार्गकडच्या कितीतरी मुली आज गोव्याच्या हॉटेलांत आणि रेस्टॉरंटमध्ये नोकरी करतात. कुणी रिसेप्शनला, कुणी हाउसकीपिंगला, कुणी सर्व्हिसला, कुणी किचनमध्ये. तिथे काय सोसावं लागतं ते त्या घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की घरचे पहिलं वाक्य बोलतात, 'मग सोड ती नोकरी.' छळ करणारा तिथेच राहतो आणि पगार हिचा बंद होतो. नोकरी न सोडता, किंवा सोडावी लागली तरी हक्क न सोडता काय करता येतं, ते या लेखात क्रमाने लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कायद्याने तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत दिली आहे. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे सीझनपुरती उभारलेली रेस्टॉरंट, मात्र मे संपता संपता उतरवले जातात. एप्रिलमध्ये काही घडलं तर जूनमध्ये शॅक जागेवर नसतो, कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, दुसऱ्या राज्यात गेलेला असतो आणि साक्षीदार नेपाळ, ओडिशा, कर्नाटक असे पांगलेले असतात. मुदत शिल्लक असते, पुरावा हरवलेला असतो. म्हणून आपल्याकडे खरी मुदत सीझनची धरायची.

आधी नाव द्या

'कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम' २०१३ साली झाला. त्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात घालून दिलेले नियम आहेत. नको असलेला स्पर्श किंवा लगट, शरीरसंबंधाची मागणी, लैंगिक शेरेबाजी, अश्लील फोटो-व्हिडिओ दाखवणं, आणि बोलण्यातून, नजरेतून किंवा हावभावातून केलेलं अशाच स्वरूपाचं नकोसं वर्तन, हे सगळं या कायद्यात लैंगिक छळ ठरतं. 'मी गंमत केली' म्हणून सुटका होत नाही. ते तिला नको होतं का, हा मुख्य प्रश्न.

आमच्या धंद्यात हे ओळखणं अवघड जातं, कारण जागाच अरुंद असते. किचनच्या दोन ओट्यांमधून जाताना 'मागे आहे' असं ओरडून पुढे सरकायची रीत आहे. गरम कढई घेऊन जाणारा प्रत्येकजण ती पाळतो, पण एखादाच असा असतो की तिच्यामागून जातानाच नेमका गप्प राहतो आणि चिकटून जातो. तिला पहिल्या दिवशी वाटतं चुकून झालं असेल. तिसऱ्यांदा झालं की ते चुकून नसतं, आणि बाकीच्या किचनलाही ते माहीत असतं.

दुसरी गोष्ट रोस्टरची, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्याची. कोणत्या टेबलांवर कोण, ब्रेक शिफ्ट (दिवसात दोन तुकड्यांत काम) कुणाला, रविवारची सुट्टी कुणाला, टिपचा वाटा किती, हे कॅप्टन किंवा मॅनेजर ठरवतो. त्याच्यासोबत बाहेर जायला नकार दिला आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्या मागच्या कोपऱ्यातली टेबलं आणि रात्रीच्या शिफ्ट तिच्या वाट्याला आल्या, तर ती नुसती मॅनेजरची मर्जी राहत नाही. मागणीशी जोडून नोकरीत तोटा करणं किंवा तशी धमकी देणं हेही कायद्याने छळातच धरलं आहे. त्यामुळे रोस्टर भिंतीवर लागला की दर आठवड्याला त्याचा फोटो काढून ठेवा. नकाराच्या आधीचा आणि नंतरचा रोस्टर शेजारी ठेवला की तक्रार ऐकणाऱ्या समितीला फार समजावावं लागत नाही.

'आपण कायम नाही, आपल्याला कायदा लागू नाही' असं पुष्कळजणी समजतात. लागू आहे. रोजंदारीवरची, ठेकेदाराकडून आलेली, प्रोबेशनवरची, हॉटेल मॅनेजमेंटची ट्रेनी, बिनपगारी शिकाऊ, सगळ्याजणी कायद्याच्या व्याख्येत बसतात. जेवायला आलेली बाईसुद्धा वेटरने छळ केला तर तक्रार करू शकते. कामाची जागा म्हणजे नुसता डायनिंग हॉलही नव्हे. कामासाठी जावं लागतं ते ठिकाण, म्हणजे लग्नाचं केटरिंग किंवा बाहेरचा इव्हेंट, आणि मालकाने दिलेली ड्रॉपची गाडी हेही त्यात आलं.

त्याच रात्री लिहा

घरी किंवा रूमवर पोचल्यावर झोपायच्या आधी लिहून ठेवायचं. वहीत किंवा स्वतःच्याच ईमेलवर, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. भाषा साधी ठेवा आणि जे घडलं तेवढंच लिहा. असं:

'शनिवार, रात्री साधारण ११.२०. बार काउंटरच्या मागचं स्टोअर. मी सोड्याचा क्रेट काढत होते. कॅप्टन आत आला, दार लोटलं, माझ्या कमरेला हात घातला आणि म्हणाला, "एवढी घाबरतेस कशाला?" मी हात झटकला आणि बाहेर आले. बारवरच्या मुलाने मला बाहेर येताना पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. मी काही बोलले नाही. त्यानंतर लगेच मी सात नंबरच्या टेबलाचं बिल काढलं.'

शेवटचं वाक्य मुद्दाम वाचा. बिलावर वेळ छापलेली असते आणि ते कुणाच्या लॉगिनने निघालं तेही असतं. ऑर्डरच्या केओटीवरही, म्हणजे किचनला जाणाऱ्या चिठ्ठीवरही, वेळ असते. उद्या कॅप्टन म्हणाला की मी त्या वेळी स्टोअरकडे गेलोच नव्हतो, तर बिल, केओटी आणि कॅमेरा मिळून ११.२० च्या सुमाराचं चित्र उभं करतात. आपल्या धंद्यात प्रत्येक गोष्टीवर वेळ छापलेली असते, तिचा उपयोग करा.

स्टोअरच्या आत कॅमेरा नसतो, पण दाराबाहेर बहुतेक ठिकाणी असतो. रेकॉर्डर भरला की जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मॅनेजरला किंवा एचआरला एक ओळ लेखी पाठवा: अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, अमुक कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवावं. कारण लिहायची गरज नाही. नंतर 'फुटेज गेलं' असं उत्तर आलं, तर तुम्ही वेळेत मागितलं होतं याचा कागद हाती राहतो.

व्हॉट्सअॅपवरचे मेसेज कितीही किळसवाणे असले तरी पुसू नका. स्क्रीनशॉटमध्ये नाव नको, नंबर दिसू दे. सगळं चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर घ्या आणि मूळ फोन विकू किंवा बदलू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या वेळी मूळ फोन हाताशी असला तर काम सोपं होतं. ज्या मैत्रिणीला, आईला किंवा रूममेटला तुम्ही त्या रात्री सांगितलं, तीही साक्षीदार आहे.

कोणाकडे जायचं

इथे दहाचा आकडा महत्त्वाचा. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. मोजताना किचन, भांडी, ठेकेदाराचे सिक्युरिटीवाले, ट्रेनी, सगळे धरा. 'आमचे कायम कामगार सातच' ही पळवाट आहे. कंपनीच्या शाखा वेगवेगळ्या गावांत असतील तर प्रत्येक ठिकाणी समिती हवी, मुंबई-दिल्लीच्या मुख्य कार्यालयातली एकच समिती पुरत नाही. समितीची अध्यक्ष त्याच ठिकाणची वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची, म्हणजे महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. सगळी मंडळी मालकाच्या घरचीच असतील तर ती समिती कायद्यातली नव्हे.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. गोव्यात कितीतरी रेस्टॉरंट घरची असतात. कागदावर आईचं नाव, गल्ल्यावर आणि माणसांवर हुकूम मुलाचा. कायद्यात 'मालक' म्हणजे जागेचा कारभार, देखरेख आणि ताबा ज्याच्याकडे आहे तो. धंदा चालवणाऱ्या मुलाविरुद्ध तक्रार असेल तर त्याने नेमलेल्या समितीपुढे उभं राहण्यापेक्षा स्थानिक समितीकडेच जा. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. तालुक्याला आणि नगरपालिकेला तक्रार स्वीकारणारा नोडल अधिकारी नेमायची तरतूद आहे आणि त्याने ती सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची असते. समित्या आणि नोडल अधिकारी वेळेत नेमा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना दिले. तो खटला मुळात गोवा विद्यापीठातल्या प्रकरणावरून उभा राहिला होता. नोडल अधिकाऱ्याचं नाव मागताना संकोच करू नका.

केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते. सीझन संपवून गावी गेलेल्या मुलीसाठी हा मार्ग चांगला आहे. कागदी तक्रार स्पीड पोस्टने पाठवून पावती ठेवली तरीही चालतं. नोकरी सोडली म्हणून हक्क जात नाही. राजीनामा द्यावाच लागला तर त्यात खरं कारण लिहा. 'घरगुती अडचण' असं लिहून द्यायला सांगतील, त्यावर सही करू नका.

तक्रार कशी लिहायची

मराठी, कोंकणी, हिंदी, जी भाषा नीट लिहिता येते ती वापरा. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. तुमचं नाव आणि काम, त्याचं नाव आणि पद, घटना तारीखवार, कोणी पाहिलं, तुम्ही त्याला काय म्हणालात, त्यानंतर कामात काय बदल झाला, आणि तुम्हाला काय हवं आहे. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. स्वतःच्या प्रतीवर पोच घ्याच.

मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात. ऑक्टोबरपासून चाललेलं मार्चपर्यंत चालू असेल तर मार्चपासून तीन महिने, आणि सगळी साखळी तक्रारीत मांडायची. आजारपण, धमकी असं खरोखर अडवणारं कारण असेल तर समिती ते नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकते. तिच्यावर विसंबून मात्र बसू नका.

तक्रारीसोबतच तात्पुरत्या सवलती मागा. याबाबत पुष्कळजणींना काहीच माहिती नसते. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि तुमच्या कामाचं मूल्यमापन त्याच्या हातातून काढून घेणं, हे समिती सुचवू शकते. आपल्या भाषेत: रोस्टर, टेबलं आणि टिपचा वाटा ठरवायचं काम चौकशी संपेपर्यंत दुसऱ्याकडे द्या, असं लेखी मागायचं.

चौकशीच्या काळात

समितीने तक्रार सात कामकाजाच्या दिवसांत त्याला द्यायची, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे, अहवाल त्यानंतर १० दिवसांत, आणि मालकाने ६० दिवसांत त्यावर कारवाई करायची. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील आहे.

मधल्या काळात कोणीतरी पाकीट घेऊन येईल. 'दोन महिन्यांचा पगार घे आणि मिटव.' कायद्यात समेटाची सोय आहे, पण तो तक्रारदार बाईने स्वतःहून मागितला तरच, आणि पैशांच्या आधारावर कधीच नाही. नुकसानभरपाई वेगळी, ती समिती चौकशीनंतर ठरवते.

'सिद्ध नाही झालं तर तुझ्यावरच उलटेल' ही धमकी हमखास ऐकू येते. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तुमच्यावर कारवाई होत नाही. जाणूनबुजून, द्वेषाने खोटी तक्रार केली हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण समितीने घाई केली आणि आरोपीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. इतक्या वर्षांचं काम पुन्हा चौकशीवर येऊन थांबलं. म्हणून त्याला नोटीस नीट दिली का, उलट प्रश्न विचारायची संधी दिली का, याकडे तक्रार करणाऱ्या बाईनेही लक्ष ठेवावं. आज त्याला नाकारलेली संधी उद्या तुमचाच निकाल पाडते.

गावात बभ्रा होईल ही भीती खरी आहे. तक्रार करणारीचं नाव, पत्ता, चौकशीतला मजकूर बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. स्टाफच्या ग्रुपवर कोणी लिहिलं तर तेही समितीपुढे ठेवा.

गिऱ्हाईक असेल तर

हाच भाग आपल्याकडे सगळ्यात दाबला जातो. पाहुणा पैसे देतो, रिव्ह्यू लिहितो, म्हणून मुलीला हसायला लावतात. पण कायद्याच्या कलम १९ प्रमाणे जागा सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, आणि तिथे येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनची सुरक्षितताही त्यात स्पष्ट लिहिली आहे. छळ करणारा नोकर नसेल आणि तिची इच्छा असेल तर फौजदारी कारवाई सुरू करायला मालकाने पुढे झालं पाहिजे.

इथे वेळ महिन्यांत नसते, तासांत असते. तो उद्या सकाळी चेकआउट करून मोपा किंवा दाबोळी विमानतळ गाठतो. त्या टेबलाकडे पुन्हा जाऊ नका, कॅप्टनला सांगून दुसऱ्याकडे द्या. बिलाची प्रत, यूपीआय किंवा कार्डच्या पेमेंटची नोंद, बुकिंगचं नाव-नंबर, भाड्याच्या गाडीचा किंवा बाइकचा नंबर, एवढं हाती घ्या. यातल्या एकावरूनही पोलीस माणसापर्यंत पोचू शकतात. आणि त्याच रात्री ११२ लावा.

पोलिसांकडे

समिती आणि पोलीस हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. लैंगिक छळ कलम ७५ मध्ये, विनयभंगासाठी बळाचा वापर कलम ७४ मध्ये, पाठलाग कलम ७८ मध्ये, बाईच्या लज्जेचा अपमान करणारे शब्द आणि हावभाव कलम ७९ मध्ये. फिर्याद कुठल्याही पोलीस स्टेशनवर देता येते, 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. या गुन्ह्यांची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी १५१००. महिला हेल्पलाइन १८१. गोवा राज्य महिला आयोगाकडेही लेखी दाद मागता येते.

सोबत काम करणाऱ्यांना

'जाऊ दे गो, तो तसाच आहे' हे वाक्य बोलू नका. तुम्ही काही पाहिलं असेल तर त्याच रात्री तुमचीही नोंद लिहा. ती रडत स्टोअरमधून बाहेर आली एवढंच पाहिलं असेल, तर तेवढंच लिहा. ड्रॉपची गाडी येईपर्यंत तिच्यासोबत थांबा. तिच्या वतीने परस्पर तक्रार मात्र करू नका, पाऊल कधी उचलायचं ते तिला ठरवू दे.

तुम्ही मालक किंवा मॅनेजर असाल तर

ऑक्टोबरच्या भरतीच्या वेळीच समितीचा लेखी आदेश काढा. सदस्यांची नावं आणि छळाचे दंडात्मक परिणाम ठळक जागी लावणं बंधनकारक आहे. तो कागद मॅनेजरच्या केबिनमध्ये नको. स्टाफ जिथे जेवतो तिथे लावा, आणि तुमचा स्टाफ वाचतो त्या भाषांत. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

रूम सर्व्हिसला रात्री एकट्या मुलीला पाठवू नका. शॅकपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या वाटेवर दिवे लावा. स्टाफ रूमला आतून कडी आणि बाथरूमला धड दार, हे शेवटी करायचं काम नव्हे. सीझनच्या शेवटच्या पार्टीतही तुमची जबाबदारी संपत नाही. आणि गिऱ्हाईकाबद्दल नियम एकच ठेवा: मुलीने सांगितलं की टेबल लगेच पुरुष कॅप्टनकडे, दुसऱ्यांदा झालं की बिल देऊन पाहुण्याला बाहेर. हा निर्णय घेणाऱ्या कॅप्टनला गेलेल्या बिलाबद्दल कधीही बोल लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो तोंड फिरवेल.

किचनमधली पोरं राहिली. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा भांड्यावर किंवा कॉमी (शेफचा कनिष्ठ मदतनीस) म्हणून लागतो, स्टाफ रूममध्ये मोठ्यांसोबत झोपतो, आणि त्याच्यावर होणाऱ्या लैंगिक अत्याचाराबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. २०१३ चा कायदा फक्त महिलांच्या तक्रारीसाठी आहे. वय १८ च्या खाली असेल तर मुलगा असो की मुलगी, पॉक्सो कायदा लागतो, आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. मॅनेजरला 'आपसात मिटवू' म्हणायचा अधिकारच नाही. अशा वेळी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ लावा. अठराच्या वरच्या मुलासाठी मात्र अंतर्गत समितीचा मार्ग कायद्याने दिलेला नाही. हॉटेलच्या स्वतःच्या सेवानियमांत त्याच्यासाठी तशीच तक्रारीची सोय लिहून ठेवायला मालकाला कुणाचीही आडकाठी नाही, आणि ती ऑक्टोबरच्या त्याच आदेशात दोन ओळींत लिहिता येते.